सव्वा फूट वर

माझी जाऊ साडेचार फुटांची होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी घरातली सगळ्यात उंच बाई. लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा तिनं दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, हिच्यासाठी चौकट कापावी लागेल. पुढे ती मला खांबच म्हणू लागली. कारखाना उभा राहत होता, रोज कुठे ना कुठे लोखंडाचा खांब चढत होता, त्यात घरात एकाची भर पडली एवढंच. मीही हसायची. तेव्हा हसू येत होतं.

आम्ही भंडाऱ्याकडचे. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आधी इकडे आले. मजुरांच्या कॅम्प-१ मध्ये पत्र्याखाली दिवस काढले, मग त्यांना कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं तेव्हा धाकट्या भावालाही बोलावून घेतलं. दोघेही इरेक्शनमध्ये होते. खांब, तुळया क्रेननं उचलायच्या, जागेवर बसवायच्या आणि बोल्ट आवळायचे. भासरे गँगचे पुढारी. त्यांच्या डोळ्यात ओळंबा आहे, असं लोक म्हणत. चाळीस फुटांचा खांब केसभर झुकला तरी खाली उभं राहून सांगायचे, आणि त्यांच्या वरचा रशियन साहेब मग दुर्बीण लावून पाहायचा तर तेच निघायचं.

या भासऱ्यांशी मी कधी बोलले नव्हते. आमच्यात रिवाजच तसा. ते आले की डोक्यावर पदर घ्यायचा आणि आत व्हायचं. त्यांना काही सांगायचं असेल तर मध्ये कोणीतरी लागे, आणि कोणी नसलं तर भिंत होतीच. "भाकर वाढावी म्हणावं," असं ते भिंतीकडे पाहून म्हणत, आणि जणू भिंतीनं येऊन मला निरोप दिला असावा तशी मी भाकर वाढत असे. त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं नव्हतं आणि मीही त्यांच्या पायांपलीकडे फारसं पाहिलं नव्हतं. सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. मीही म्हणायची.

आता जावेकडे येते.

माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी होण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांनी गावाकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर डबा पाठवला. डिंक, खारीक, खोबरं आणि घरचं तूप. मुलगी झाली. जावेनं लाडू वळले, आणि चांगले वळले, उगाच खोटं कशाला बोलू. मग ते लाडू तिनं आपल्या ट्रंकेत ठेवले आणि कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला. पहिल्या दिवशी मला एक लाडू मिळाला. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की उन्हाळा आहे, उष्ण पडतील. आठवड्यानं कारण बदललं, पोरगीच तर झाली आहे, एवढे लाड कशाला. मला वरणाचं पाणी आणि भाकर. तीन आठवडे होतात न होतात तोच माझं दूध आटलं.

भुकेल्या पोराचं रडणं ज्यानं ऐकलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. आधी ती जोरात रडायची. मग रडून रडून तिचा घसा बसला आणि नुसतं तोंड उघडं दिसायचं. मी तिला छातीशी धरून बसायची आणि समोर ट्रंक असायची. गवळ्याच्या दुधात पाणी घालून कशीबशी जगवली तिला. दोन वर्षांची झाली तेव्हा कुठे ती धड उभी राहिली.

आणि लाडू कुठे गेले, तेही मला कळलं. बाळंतपणाचा महिना सरल्यावर भांडी पुन्हा माझ्याकडे आली. भासऱ्यांच्या ड्युटीचा डबा घासताना खालच्या पुडात डिंकाचा कण चिकटलेला दिसला. दुसऱ्या दिवशीही दिसला. मी तो नखानं खरवडून काढला आणि कोणाला काही बोलले नाही. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, पुरुषाच्या डब्यात बायको जे घालेल ते तो खातो, असं मी स्वतःला सांगितलं. सगळा राग मी जावेच्या नावावर जपून ठेवला. तिला मूल नव्हतं. शेजारच्या बाया म्हणायच्या, तिचं दुःख समजून घे. मी नाही समजून घेतलं. ती गेली त्याला कैक वर्षं झाली, अजूनही घेत नाही.

मला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना लागला तेव्हा वडिलांचा निरोप आला की या खेपेला तूप जास्त पाठवतो. जावेनं तो निरोप ऐकला आणि माझ्या पोटाकडे पाहिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे लेकरू उपाशी राहता कामा नये, आणि तो डबा तिच्या कुलपात जाता कामा नये.

त्याच महिन्यात कपाट आलं. भासऱ्यांच्या रशियन साहेबाच्या बायकोनं आपल्या स्वयंपाकघरासाठी ते तिकडून मागवलं होतं. पण ते समुद्रातून येईपर्यंत त्यांची परत जायची वेळ झाली, म्हणून न उघडताच भासऱ्यांना देऊन टाकलं. कपाट कसलं, चपटं खोकं होतं, सायकलला आडवं बांधून आणलेलं. जावेला वाटलं दार आहे. खोकं उघडलं तर आत नुसत्या फळ्या, एका पिशवीत स्क्रू आणि लाकडी खुंट्या, आणि एक कागद. कागदावर चित्रं आणि रशियन अक्षरं. प्रत्येक फळीच्या कडेला आकडा छापलेला. आणि छोट्या पुडीत एक कुलूप, दोन किल्ल्या.

किल्ल्या पाहून जावेचा चेहरा उजळला. ट्रंक उघडायला वाकावं लागतं, तिची कंबर धरते. आता भिंतीवर कपाट लागणार, मुंग्या नाहीत, उंदीर नाहीत, आणि दाराला कुलूप. गावाकडचा डबाही आता यातच ठेवीन, असं तिनं मला मुद्दाम ऐकवलं.

भासऱ्यांनी अंगणात गोणपाट अंथरलं आणि फळ्या आकड्यांप्रमाणे मांडल्या. कागदावरची अक्षरं त्यांना येत नव्हती, पण चित्र त्यांना कळायचं, रोज तेच काम. अडचण एवढीच की त्यांना लाकडाचं काम येत नव्हतं, लोखंडाचं येत होतं. ज्या सांध्यात लाकडी खुंटी बसवून हातानं दाबायचं, तिथे त्यांनी भोक पाडून नटबोल्ट घातला. खाली वॉशर. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंना पोगरानं, म्हणजे खूण उमटवायच्या टोकदार सळईनं, एकसारखी खूण मारली, पुढे कधी सुटं केलं तर जोड चुकू नये म्हणून. तुळयांवर तशी मारतात. शेवटी अख्ख्या कपाटाला लोखंड गंजू नये म्हणून लावतात तो तांबडा रेड ऑक्साइड फासला, कारण त्यांच्या हातात ब्रश आला की तोच रंग यायचा. रशियन बाईनं जे साखर-चहा ठेवायला मागवलं होतं, ते आता क्रेनचं इंजिन ठेवावं एवढं मजबूत झालं. दोन माणसांशिवाय उचलेना. पुढे सहा महिने आमच्या चहाला रंगाचा वास येत होता.

आमचं स्वयंपाकघर म्हणजे एक बाई बसली की दुसरीनं दारात उभं राहायचं. एका बाजूला चूल आणि कोळशाचं पोतं, दुसऱ्या बाजूला मोरी. भिंत मोकळी होती ती दारासमोरची. जावेनं त्या भिंतीपाशी उभं राहून हात वर केला, तिच्या बोटांच्या वीतभर खाली भासऱ्यांनी खडूची रेघ ओढली. कपाटाचं बूड इथे, असं ठरलं. भिंतीला भोकं पाडायची तर ऑफिसची परवानगी लागे, ती त्यांनी चार हेलपाटे घालून आणली होती. दुसऱ्या दिवशी त्यांची सुटी होती, तेव्हा लावायचं ठरलं. जावेला त्याच दिवशी चरोद्याला जावं लागलं. तिचा भाऊ रेल्वेत, तिथल्या कॉलनीत राहायचा, त्याच्या पोराचं बारसं होतं. ती दोन दिवसांसाठी गेली. जाताना किल्ल्या घेऊन गेली.

सकाळी नवरा कामाला गेल्यावर मी ओलं फडकं घेतलं आणि ती भिंत पुसली. धूर बसला होताच. खडूची रेघही गेली.

भासरे आत आले. मी कोपऱ्यात सरकले, पदर पुढे ओढला. माझी मुलगी दारात जमिनीवरच झोपली होती. एरवी ते तिला उद्देशूनच निरोप द्यायचे. आता राहिली भिंत.

"खडूची रेघ होती इथं," ते भिंतीला म्हणाले.

मी ओलं फडकं पदराखाली घेतलं.

आधी भिंतीवर एक लांब लाकडी पट्टी ठोकायची आणि मग तिच्यावर कपाट टेकवायचं, अशी रीत होती. पट्टी कोणीतरी धरल्याशिवाय खुणा करता येत नव्हत्या. "पट्टी धरावी म्हणावं," ते म्हणाले. मी पट्टी उचलली आणि हात वर केले. माझे हात जिथपर्यंत आरामात जातात तिथपर्यंत. जाऊ ज्याला खांब म्हणायची त्या उंचीपर्यंत.

"थोडी खाली घ्यावी म्हणावं."

मी घेतली नाही. मला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ते भिंतीला सांगत होते, आणि भिंतीनं मला निरोप दिला नाही. उलट मी दोन बोटं आणखी वर नेली. पोटातलं लेकरू तेव्हा हललं, ते मला चांगलं आठवतं.

हात भरून आले तरी मी पट्टी सोडली नाही. मग त्यांनी पट्टीवर बुडबुड्याची लेव्हल ठेवली, पाहिली, आणि पेन्सिलीनं भिंतीवर खुणा केल्या. छिन्नीनं भिंत कोरली, लाकडी गुट्ट्या ठोकल्या, भोवती सिमेंट भरलं. संध्याकाळी नवरा आल्यावर दोघा भावांनी कपाट चढवलं आणि पट्टीला बोल्टांनी आवळलं. नवरा म्हणाला, एवढं वर कसं, वहिनीचा हात पुरेल का. भासरे म्हणाले, गुट्ट्या बसल्या आता.

जाऊ परतली. पिशवीसुद्धा खाली न ठेवता स्वयंपाकघरात गेली. टाचा उंचावून तिनं हात वर केला, तर किल्लीचं टोक कुलपाच्या वीतभर खाली राहिलं. तिनं पुन्हा करून पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"भासऱ्यांच्या कामात मी काय बोलू, बाई," मी म्हणाले.

ती नवऱ्यावर चिडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. पण परवानगी एकदाच मिळाली होती आणि भिंत पुन्हा फोडता येत नव्हती. एकदा ती स्टूल घेऊन आली, पण चूल आणि मोरीच्या मध्ये स्टुलाचे चार पाय मावेनात. एकदा डब्यावर पाट ठेवून चढली, तिला गरगरलं आणि ती कोळशाच्या पोत्यावर बसली. मी आतून ऐकलं. धावत गेले नाही.

चौथ्या दिवशी तिनं कमरेची किल्ली सोडून कुलूप उघडायला माझ्या हातात दिली.

पुढची तीन वर्षं मी जी मजा घेतली, तिची मला आजही लाज वाटत नाही. मालकीण तीच होती, किल्ली तिच्याच कमरेला असायची, पण कुलूप उघडायला हात माझा लागायचा. तिनं चहापत्ती मागितली की मी हळद काढून द्यायची. साखर मागितली की आधी हातातलं काम संपवायची. ती खाली मान वर करून उभी. एकदा वैतागून म्हणाली, "किती वेळ लावतं वं." मी म्हटलं, "खांब आहो ना बाई मी. खांबाले हलाले वेळ लागते." त्यानंतर तिनं मला खांब कधी म्हटलं नाही.

गावाकडचा डबा आला. लाडू मीच वळले, मीच वर ठेवले. दुसरीही मुलगीच झाली. मी रोज सकाळी चहासाठी कुलूप उघडलं की दोन लाडू काढायची आणि जावेच्या समोर बसून खायची. डिंकाचा खडा दाताखाली आला की मुद्दाम आवाज करून चावायची. दूध एवढं आलं की पोरगी प्यायची आणि झोपायची, रडायला तिला सवडच नव्हती. थोरली येऊन शेजारी बसायची, तिला अर्धा लाडू द्यायची. जावेनं कधी मागितला नाही, मी कधी विचारलं नाही. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात, पण उपाशी ठेवणं एका हातानं होतं. ते मी तिच्याकडूनच शिकले होते.

तीन वर्षांनी माझ्या नवऱ्याला दुसऱ्या सेक्टरमध्ये स्वतःचं क्वार्टर मिळालं. सामान बांधलं. तेव्हा भासऱ्यांनी ठरवलं की कपाट आम्ही घेऊन जावं, इथे आता ते कोणाच्या उपयोगाचं नाही. जावेनं विरोध केला नाही, किल्ल्या चुलीवर आपटून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. दोन्ही पोरी तिच्याजवळ होत्या. नवरा हातगाडी आणायला गेला होता. भासरे पाना घेऊन वर बोल्ट सोडत होते आणि मी खालून कपाटाला आधार देत होते. पुन्हा आम्ही दोघं आणि ती भिंत.

दोन बोल्ट निघाले. तिसऱ्यावर पाना लावून ते थांबले.

"सव्वा फूट वर होती पट्टी," ते भिंतीला म्हणाले. "त्याच दिवशी दिसलं होतं मले."

माझे हात होते तिथेच राहिले.

"लाडू कोनाचे होते तेबी मालूम होतं. घरात कटकट नको म्हनून बोललो नाही. म्हनून पट्टी वरच राहू देली म्हणावं."

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. कोणाला तरी माहीत होतं. मग वाटलं, म्हणजे माझा सूड माझा नव्हताच, यांनी दिला म्हणून मिळाला. ज्याच्या डोळ्याला केसभर झुकलेला खांब दिसतो त्याला सव्वा फूट दिसणार नाही, असं मी तीन वर्षं कसं समजून चालले. आणि मग तिसरी गोष्ट लक्षात आली. लाडू कोणाचे होते ते मालूम होतं. कधीपासून मालूम होतं?

एका हातानं कपाट धरून मी दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर मागे टाकला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या माणसाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. साधंच तोंड होतं. माझ्या नवऱ्यासारखंच नाक.

"भिंत तवाबी होती," मी म्हणाले. "तवा कावून नाही सांगतलं भिंतीले? माही पोरगी रडून रडून मुकी झाली होती, अन् लाडू तुमच्या डब्यात जाऊन राहिले होते. तुमी खाल्ले."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"खाल्ले," ते म्हणाले.

बाहेर थोरली जावेला काहीतरी विचारत होती, तिचा बारीक आवाज आत येत होता. तिचा आवाज कायमचा तसाच बारीक राहिला.

"परत लावा," मी म्हणाले. "आहे तिथंच."

मी दोन्ही हात वर केले आणि कपाट धरलं. त्यांनी काढलेले दोन्ही बोल्ट खिशातून काढले, खुणेला खूण जुळवली आणि आवळले. तशातही त्यांनी लेव्हल पाहिली. मग मी चुलीवरच्या किल्ल्या उचलल्या, बाहेर ओट्यावर गेले आणि जावेच्या मुठीत दिल्या. हातगाडी रिकामी बघून नवऱ्यानं विचारलं, कपाट कुठे. मी म्हटलं, ते त्यांचं आहे, त्यांनाच लागेल.

त्या घरात आता वर हात पुरेल असं एकच माणूस उरलं होतं. जे आयुष्यात कधी स्वतः पाणी घेऊन प्यायले नाहीत, ते भासरे रोज ड्युटीला जायच्या आधी स्वयंपाकघरात उभे राहून बायकोला डबे काढून द्यायला लागले. चहापत्ती, साखर, तिखट, हळद. शेजारच्या बायांनीच मला हे सांगितलं. एखादा डबा राहिला की जाऊ दारातून ओरडायची आणि ते सायकल टेकवून परत यायचे. पट्टी खाली घेणं त्यांना अवघड नव्हतं, परवानगी पुन्हा आणता आली असती. त्यांनी आणली नाही. का, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी भिंतीलाही सांगितलं नसावं.

माझ्या नव्या स्वयंपाकघरात डबे जमिनीवर फळीवर असत, बिनकुलपाचे. मुंग्या लागायच्या. थोरली येता-जाता हात घालून गूळ खायची आणि मी तिला कधी रागावले नाही. आणि देवमाणसाला आज ड्युटीला उशीर झाला, हळद काढायची राहिली होती, असं कोणी येऊन सांगितलं की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.